तास नंबर आठ

सासुरवाडी सातारा जिल्ह्यात, मेहुणीचं सासर सांगली जिल्ह्यात आणि जावयानं अजून बैलगाडीची शर्यत बघितलेली नाही, हे त्या दोन्ही जिल्ह्यांत सोयरीक मोडायला पुरेसं कारण आहे. मला ते लग्नानंतर कळलं. पुण्यात बैलाशी आमचा संबंध येतो तो वर्षातून एकदा, बेंदराला, तोही मातीच्या बैलाशी. आणि तो बैल आम्ही ऑनलाइन मागवतो. गेल्या वर्षी जोडीतला एकच आला, दुसऱ्याचा स्टॉक संपला होता.

मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, रविवारी मैदान हाय. येताय न्हवं?"

"कसलं मैदान?"

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "तायडीला फोन द्या."

तायडीनं फोन ठेवला तेव्हा माझं जाणं ठरलेलं होतं.

मैदान मायणीकडून विट्याला जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला, सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा सुरू होतो तिथल्या एका माळावर होतं. माळ नेमका कुठल्या जिल्ह्यात, यावर एकमत नव्हतं. वर्गणीच्या वेळी तो पलीकडच्या जिल्ह्यात असतो आणि बक्षिसाच्या वेळी आपल्या, एवढंच दोन्ही बाजूंना मान्य होतं. आदल्या रात्री वळीव झोडपून गेला होता. मी काळजीनं विचारलं तर मेहुणा म्हणाला, "माळ मुरमाड हाय दाजी, पाणी ठरत न्हाय." ते अगदी खरं होतं. फक्त गाड्या लावायची सोय माळावर नव्हती, खालच्या काळ्या रानात होती. तिकडं नंतर येतो. खरं तर नंतर कुणालाच तिकडून येता आलं नाही.

पत्रकावर पहिला गट आठ वाजता सुटणार असं छापलं होतं. म्हणून मेहुण्यानं मला साडेसहालाच आणून बसवलं. गट सुटला पावणेअकराला. मधला वेळ सत्कारात गेला. आधी पाहुण्यांचा सत्कार झाला, मग पाहुण्यांना आणणाऱ्यांचा, मग ज्यांच्या हस्ते सत्कार झाले त्यांचाच राहिला म्हणून त्यांचा. मंडपवाल्याचा झाला, जनावरांच्या डॉक्टरांचा झाला. फेटे संपले तेव्हा आधी बांधलेले दोन फेटे सोडवून पुढच्यांना बांधले. बैल हे सगळं लांबून शांतपणे बघत उभे होते. त्यांना फेटा नको होता आणि दोन शब्द बोलायचेही नव्हते.

समालोचक मात्र जबरदस्त होता. सांगलीकर. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' सांगलीत रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून त्या मुलखात आवाज पोचवायचा कसा हे कुणाला शिकवावं लागत नाही. हा गडी एकाच दमात बैलाची वंशावळ सांगायचा, देणगीदारांची नावं वाचायचा, ॲक्टिव्हाची सापडलेली चावी कुणाची ते विचारायचा आणि फाटीवर, म्हणजे गाड्या पळायच्या पट्टीवर, उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या कपड्यांवरून ओळखून हाकलायचा. "ओ पोपटी शर्ट! बैलाला गवात वाटाल, म्हागं व्हा!" पोपटी शर्ट माझा होता.

बक्षिसं मंडपासमोर रांगेनं लावली होती, दुचाक्या, गदा आणि ढाली. मेहुणा जरा ओशाळला. "ह्ये बारकं मैदान हाय दाजी," म्हणाला. मोठ्या मैदानांचे आकडे त्याला तोंडपाठ. २०२३ साली भाळवणीच्या मैदानात बकासूर आणि महिब्या या जोडीनं थार मारली. नोव्हेंबर २०२५ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या बोरगावला डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटलांनी श्रीनाथ केसरी भरवली, तिथं तर पहिल्या नंबराला फॉर्च्युनर होती. ती जिंकली हेलिकॉप्टर बैज्या आणि ब्रेक फेल या जोडीनं. ज्याचं नावच ब्रेक फेल त्याच्या नावावर फॉर्च्युनर चढली आणि आरटीओनं हूं की चूं केलं नाही. मला लायसन्स काढताना आठाचा आकडा तीनदा काढायला लावला होता.

"पण बैलाला गाडीचा काय उपयोग?" मी विचारलं.

"बैलाला न्हाय, मालकाला."

"आणि पळतो कोण?"

मेहुण्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला माझ्या ऑफिसातला बोनस आठवला.

माझ्या शेजारी एक पांढऱ्या टोपीचे आजोबा बसले होते. बैलगाडी शर्यतीच्या नादापायी महाराष्ट्राच्या या टापूत घटनात्मक कायद्याचे जेवढे जाणकार तयार झाले, तेवढे कुठल्या लॉ कॉलेजातून झाले नसतील. आजोबांना पोरांच्या लग्नाच्या तारखा आठवत नव्हत्या, पण "सात मे दोन हजार चौदा" हे त्यांनी डोळे मिटून सांगितलं. त्या दिवशी सुप्रीम कोर्टानं तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि आपल्या शर्यती एकाच निकालात बंद केल्या. मग २०१७ला राज्यानं कायदा केला, त्याच वर्षी हायकोर्टानं तो अडवला, १६ डिसेंबर २०२१ला सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली आणि १८ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ती कायम केली. आजोबा हे सांगत असताना आजूबाजूची चार माणसं मान डोलावत होती आणि एकजण मध्येच कलम दुरुस्त करत होता.

त्यातही ऑगस्ट २०२१ हा जिव्हाळ्याचा विषय. तेव्हा बंदी होती. आटपाडी तालुक्यातल्या झऱ्याला आमदार गोपीचंद पडळकरांनी शर्यत जाहीर केली, पोलिसांनी बंदोबस्त लावला आणि पहाटेच्या झुंजुमुंजूत गाड्या पळाल्यासुद्धा. आजोबा त्या पहाटे तिथं होते. त्यांच्या पलीकडचाही होता. मागच्या रांगेतले सगळे होते. भेळवाला होता. मेहुणा तेव्हा पुण्यात माझ्याच घरी राहून परीक्षा देत होता, तरी तोही होता. मी एकटाच नव्हतो असं दिसल्यावर आजोबांनी माझ्यासाठी जरा जागा करून दिली, आजारी माणसाला देतात तशी.

विट्याकडचे एक गलाईवाले गृहस्थ खास मैदानासाठी तमिळनाडूतून आले होते. या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पसरली आहेत, पण जत्रा आणि मैदान म्हटलं की कुठूनही हजर. त्यांनी जल्लीकट्टू प्रत्यक्ष बघितला होता. "तिकडं माणसं बैलाच्या म्हागं लागत्यात," ते म्हणाले. "हिकडं काय हुतंय ते बघालच."

पहिला गट सुटायची वेळ झाली. सात पट्टे आखलेले, त्यांना तास म्हणतात. प्रत्येक तासावर एक छकडा, त्याला दोन बैल, छकड्यावर ड्रायव्हर. झेंडा पडतो आणि गाड्या सुटतात. मी जरा खाली वाकून भडंगाची पुडी फोडली. वर बघितलं तर शर्यत संपली होती.

"बघितलं का दाजी?"

"बघितलं ना!"

"कोण आलं?"

"तो... पांढरा."

खिल्लार जनावर. सातही तासांवरचे चौदाच्या चौदा बैल पांढरे होते.

पुढच्या गटाला मी पुडीला हात लावला नाही. झेंड्यावर नजर ठेवली. झेंडा पडला आणि माझ्या पुढचे सगळे उठून उभे राहिले. मी उठलो तर पुढच्यांनी मोबाइल वर धरले. मग मी पुढच्याच्या मोबाइलमध्ये बघायला लागलो. त्यात तो शूटिंग करत नव्हता, यूट्यूबवर याच मैदानाचं लाइव्ह बघत होता. ड्रोनवरून छान दिसत होतं, फक्त माळावरच्या रेंजपायी ते पंधरा-वीस सेकंद मागं होतं. गाड्या निशाणापलीकडं जाऊन, बैल सोडून, त्यांना पाणी दाखवून झालं तरी आमची रांग "आली, आली, आली!" म्हणून नाचत होती.

माझ्या मागं एक दणकट पैलवान बसला होता. सरकारी अटी कडक आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला लागतो, चाबूक नाही, काठी नाही, करंट नाही, शेपूट पिरगळायची नाही. समालोचक दर गटाला ते बजावून सांगत होता आणि ड्रायव्हरही बिचारे नुसत्या तोंडानं हाका घालून गाडी पळवत होते. पण प्रेक्षकांचं काय, याबद्दल नियमावलीत अवाक्षर नाही. गाड्या सुटल्या की मागचा पैलवान "हाण! हाण! हाण!" करत माझ्या दोन्ही खांद्यांवर ताल धरायचा. उपांत्य फेरीपर्यंत माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आला. मी मेहुण्याला म्हणालो, जागा बदलू. तो म्हणाला, "राहू द्या दाजी, तुमच्या पाठीवर त्येची गाडी दोनदा पयली आलीय. शकुन हाय."

शर्यत पुरतं अर्धं मिनिटही चालत नाही, पण निकाल चालतो. दोन गाड्यांचे बैल नाकाला नाक लावून आले की पंच कमिटी कॅमेऱ्याभोवती जमते. चित्र मागं घ्यायचं, पुढं घ्यायचं, थांबवायचं. पंचांच्या मागं मालक, मालकांच्या मागं भावकी, भावकीच्या मागं ज्यांचा काही संबंध नाही अशी शंभर माणसं. संबंध नसलेलेच सगळ्यांत जास्त तावातावानं बोलत होते. दोन्ही मालक नंतर एका बाजूला चहा प्यायला गेले, इकडं त्यांचे पाठीराखे एकमेकांच्या गचांड्या धरून उभे. घोटाळा असा की त्या गटात तीन सर्जे पळाले होते. समालोचकानं "सर्जा एक नंबर!" असा उज्ज्वल निकाल पुकारल्यावर तीन वेगळ्या गावांनी गुलाल उधळला आणि तिन्ही गावच्या हलग्या कडाडल्या. एकानं मोठ्या मनानं सुचवलं की तिघांनाही पुढं सोडा. त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. त्या एका मुद्द्यावर तिन्ही गावांची एकी झाली.

या वेळात माझं शिक्षण चाललं होतं. बैलाचं वय दातांवरून धरतात. दुधाचे दात असेपर्यंत आदत, दोन दात आले की दुसा, चार आले की चौसा, सगळे आले की जुळला. आदतांची मैदानं वेगळी भरतात. मी भडंगातला कडक शेंगदाणा चावताना 'आई गं' म्हणालो तेव्हा आजोबांनी माझी हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं, उजेडाकडं फिरवलं आणि मेहुण्याला म्हणाले, "पाव्हणं पार जुळून गेल्यात की रं. म्हागल्या दोन तर पडायला झाल्यात." मेहुणा गप्प. घरी हे सांगावं की नाही, असा विचार करत असावा.

मग आम्ही बैल जवळून बघायला गेलो. एक नामवंत बैल पिकअपमधून उतरून मांडवात उभा होता. खाली रबरी मॅट, बाजूला पंखा, दोन माणसं अंगाला मालिश करत होती आणि तिसरा कानाच्या मागं हळूच खाजवत होता. खुराक विचारला. दूध, अंडी, उडदाची डाळ, खारीक, बदाम. मी सकाळपासून अर्ध्या वडापाववर होतो. उरलेला अर्धा एका कुत्र्यानं नेला होता. बैलानं माझ्याकडं एकवार बघितलं आणि मान फिरवली. पोपटी शर्ट त्याच्याही लक्षात राहिला असावा. मालक म्हणाला, "चाळीस लाखाला मागत्यात. न्हाय द्याचा." माझ्या मनात आलं, मला इतक्या वर्षांत कुणी मागितलंच नाही. मागितलं असतं तर तायडीनं भाव न करता दिलं असतं.

मेहुण्याच्या एका मित्रानं जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवला. तिकडं लोक पुरुषभर उंच चाकांच्या गाड्या मुद्दाम केलेल्या चिखलात घालतात आणि त्यांच्या शर्यती लावतात. भोवती तिकिटं काढून आलेली गर्दी. गाडी रुतली की लोक टाळ्या वाजवतात.

आजोबांनी तो दोनदा बघितला. "मुद्दाम चिखुल करत्यात?"

"होय."

"आन् मुद्दाम गाडी त्यात घालत्यात?"

"होय, आणि बघायला पैसे घेतात."

"आमचा उसाचा ट्रॅक्टर दर सालच्या तोडणीत रुततोय," आजोबा म्हणाले, "एक माणूस टाळी वाजवाय आलं न्हाय. कारखान्यानं तर त्या खेपंचं वजन कमी धरलं."

सेमी फायनल मी एकदाची नीट बघायची ठरवली आणि गर्दी टाळून निशाणाच्या पुढं जाऊन उभा राहिलो. तिथं मोकळी जागा होती. ती मोकळी का होती, हे गाड्या आल्यावर समजलं. निशाणाची रेघ पंचांसाठी असते, बैलांना तिच्याशी कर्तव्य नसतं. पळत आलेली जोडी पुढं बऱ्याच अंतरावर जाऊन थांबते आणि त्या अंतरात मी होतो. गलाईवाल्यांचं वाक्य मला त्याच क्षणी उलगडलं. मी पळालो. पोपटी शर्टानं निशाणापुढं चांगली लांबी घेतली, असं समालोचकानं जाहीर केलं. मी ओघळीत पडलो तेव्हा तिथं आधीच पाच-सहा अनुभवी मंडळी बसलेली होती. त्यांनी सरकून मला जागा दिली आणि भेळ पुढं केली.

फायनल दिवस मावळायच्या आत उरकायची म्हणून एकदम घाई सुटली. मला आता सगळ्यांच्या पाठीच दिसत होत्या. मेहुण्याला माझी दया आली. त्यानं आणि मागच्या पैलवानानं मिळून मला खांद्यावर उचललं. आयुष्यात पहिल्यांदा मला अख्खी फाटी दिसली, सात तास, सात गाड्या, लांबवर झेंडा धरून उभा असलेला माणूस. झेंडा वर गेला. तेवढ्यात मागच्या गर्दीला खांद्यावरचा माणूस दिसला, आणि खांद्यावर असतो तो जिंकलेला मालक, एवढाच विचार करून त्यांनी माझ्यावर गुलालाचं अख्खं पोतं रिकामं केलं. डोळे उघडले तेव्हा फायनल होऊन गेली होती. चार अनोळखी लोक माझ्याबरोबर फोटो काढत होते आणि एकजण कानात विचारत होता, "मालक, खोंड द्याचा हाय का?"

आता काळं रान.

रात्रभर वळीव प्यालेलं, दिवसभर गाड्यांनी तुडवलेलं. सकाळी आम्ही गाड्या आत घातल्या तेव्हा वरची साय धरून होती. संध्याकाळी सगळ्यांनी एकदमच बाहेर काढायला घेतल्या आणि साय फाटली. एक उंच चारचाकी, जाहिरातीत डोंगरावर नुसतीच उभी असते ती, मालकानं ऐटीत पुढं घातली. "बाजूला व्हा, फोर बाय फोर हाय," तो म्हणाला. गाडी चार बाय चार खोल गेली. तिला ओढायला आलेला ट्रॅक्टर तिच्या शेजारी बसला. ट्रॅक्टरला ओढायला दुसरा ट्रॅक्टर निघाल्याची बातमी आली, मग तोही वाटेत कुठं तरी बसल्याची आली.

माझी गाडी पुण्याच्या नंबराची, आठ लाखांची, हप्ते अजून चालू. मी चालू करून पायाखालचं दाबलं आणि मागच्या चाकाजवळ मार्गदर्शन करत असलेले आजोबा टोपीसकट काळे झाले. माझ्या गाडीत मागची चाकं ताकद लावत नाहीत, असं मला शोरूममध्ये सांगितलं होतं. चिखलाला सांगितलं नसावं. आजोबा तोंडातला चिखल थुंकून म्हणाले, "दुसऱ्या गेरात घ्या."

मंडपातली माणसं घरी निघाली होती, ती थबकली. मग बसली. बांधावर बघता बघता गर्दी झाली, भेळवाल्यानं गाडा वळवला, पोरं झाडावर चढली. दिवसभर पाठी बघून कंटाळलेल्या लोकांना पहिल्यांदाच काहीतरी सावकाश चाललेलं, नीट दिसेल असं मिळालं होतं. समालोचकाचं मानधन तासाच्या हिशोबानं होतं की काय कोण जाणे, पण माइक अजून चालू होता.

"मंडळी, मैदानात तास सात! पण आता सुटतोय तास नंबर आठ! तास नंबर आठवर पुण्याची पांढरी गाडी, ड्रायव्हर पोपटी शर्ट! ओ मेहुणं, शेपटीला हात लावायचा न्हाय, गाडी बाद करीन!"

मेहुणा मागचा बंपर धरून रेटत होता. त्यानं हात सोडले. गाडी आणखी बसली. बांधावरून टाळ्या पडल्या.

बांधावर प्रत्येकाचा वेगळा सल्ला होता. उसाचं पाचट घाला. दगड घाला. हवा कमी करा. तायडीला फोन लावा. मी चाळीस लाखांच्या बैलाच्या मालकाकडं आशेनं बघितलं.

"तुमची जोडी जरा..."

"ह्या डब्याला?" तो इतक्या दुःखानं म्हणाला की मीच माफी मागितली.

शेवटी त्या रानाचा मालक आपली औताची जोडी घेऊन आला. एक बैल तांबडा, एकाचं शिंग मोडलेलं. दिवसभर ते शेजारच्या वावरात कडबा खात उभे होते, त्यांच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. मालकानं माझ्या पुढच्या हुकाला सोल बांधला, दोघांच्या पाठीवर हात फिरवला आणि जिभेनं 'च्यक' असा आवाज काढला. बैल पळाले नाहीत. चालले. गाडी त्यांच्यामागं निमूट बाहेर आली.

समालोचक उभा राहिला. "उज्ज्वल निकाल! तास नंबर आठ! बैलांची नावं सांगा मालक!"

"नावं कशाची? ह्यो थोरला, त्यो धाकला."

"थोरला-धाकला एक नंबर!" हलगी कडाडली. उरलेला गुलाल गाडीवर पडला आणि चिखलावर असा चिकटला की वॉशिंग सेंटरवाल्यानं पुढं दोन वेगळे दर लावले.

मी खिशात हात घातला. "किती द्यायचे?"

"पाचशे."

"अहो, मी या गावचा जावई. दाजी म्हणून काही कमी?"

"कमी?" तो सोल गुंडाळत म्हणाला. "दाजी म्हणून तर पाचशे. गावच्या माणसाला दोनशे हाय."